घर कोण बघणार?

जवान गोळीला भितो म्हणून नोकरी टाकत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार असताना कंपनीच्या पोरांचे छुट्टीचे अर्ज माझ्या हातून पुढे जायचे. गोळीची धास्ती कुणी कधी लिहिली नाही. आई अंथरुणाला खिळलेली, बायको बाळंतपणाला एकटी, भावकीने बांध कोरला, कोर्टाची तारीख लागली, हेच असायचे. माणूस बर्फातल्या चौकीवर आणि डोके डिचोलीच्या मामलेदार कचेरीत. माझेही तसे झाले आहे. तेव्हा बंदूक नुसती हातात असते.

या विषयावर कुणी बोलायला बोलावले की मी १८९५ सालची गोष्ट काढतो, कारण ती आपल्या शेजारी, सत्तरीत घडली. मोझांबिकमध्ये गाझाचा राजा गुंगुन्यान्याशी पोर्तुगिजांची लढाई जुंपली होती. गोव्यातल्या मराठा शिपायांना तिकडे जायचा हुकूम सुटला. समुद्र ओलांडला की जात गेली, असे मानण्याचा तो काळ. जात जाणे म्हणजे नुसते प्रायश्चित्त नव्हे. मुलीला स्थळ येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. शिक्षा शिपायापेक्षा त्याच्या घराला. शिवाय आपल्यामागे बायकापोरांच्या पोटाचे काय, हा प्रश्न होताच. शिपाई अडून बसले. वरिष्ठांकडून समाधान होईना, तेव्हा सप्टेंबरमध्ये हत्यारांसह बाहेर पडून ते थेट नाणूसच्या किल्ल्यात गेले. दादा राणे आणि त्यांचे लोक त्यांना मिळाले. पोर्तुगालचा राजा कार्लोस याचा भाऊ आफोन्सो फौज घेऊन गोव्यात उतरला.

ते चुकले का? माझ्यातला सुभेदार सांगतो, चुकले. हत्यार घेऊन फितूर होणे कुठल्याच फौजेत चालत नाही. आपल्या १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्येही बंडाचे कलम ३७ आहे आणि त्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. पण माझ्या मते पहिली चूक हुकूम देणाऱ्याची. १८७०-७१ मध्येही गोव्याच्या फौजेत असेच बंड झाले होते. तेव्हाही एक राजबंधू, आउगुश्तु, जहाजे घेऊन आला होता आणि ती सगळी फौजच मोडून टाकण्यात आली होती. एका पिढीत तोच धडा दोनदा, तरी शिपायाला समोर बसवून ‘घर कोण बघणार?’ हे विचारायचे कुणाला सुचले नाही. आमच्याकडे साधा कंपनी कमांडरसुद्धा दरबारात तेवढे विचारतो.

हल्ली त्या शिपायांना सरसकट स्वातंत्र्यसैनिक म्हणून मोकळे होतात. राण्यांच्या बंडांची मुळे वेगळी आणि जुनी. दीपाजी राण्याने नाणूस घेतला तो १८५२ मध्ये. शिपाई आधी घरासाठी उठले. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आता फॅमिली क्वार्टर आहेत, पगार परस्पर घरच्या खात्यात जातो, खरेच अडचण असेल तर घराजवळ पोस्टिंग मागता येते. जमिनीचे दुखणे मात्र तसेच. पेडण्यात कित्येकांची घरे भाटकाराच्या जमिनीत. १९७५ चा मुंडकार कायदा आहे, पण कागद पुरा करायला कुणीतरी खेपा घालायला हव्यात, आणि घालणारा नेमका सीमेवर.

प्रकरण कोर्टात गेले तर त्यासाठी एक जुना कायदा आहे. फौजेतही तो थोड्यांनाच माहीत. सैनिकांच्या दाव्यांसंबंधीचा हा कायदा १९२५ चा. जवान युद्धाच्या किंवा तशा खास परिस्थितीत नेमलेला असेल आणि त्याला कोर्टात हजर होता येत नसेल, तर त्याच्या मागे निकाल लागू नये म्हणून दावा थांबवता येतो. त्यासाठी दाखला लागतो, आणि त्याची खटपट युनिटमार्फत करायची. नोटीस आली की वहिनींनी आणि आईंनी ती देव्हाऱ्यामागे ठेवू नये. फोटो काढून त्याच दिवशी युनिटला पाठवावा आणि नोटीस घेऊन पणजीच्या सैनिक कल्याण कचेरीत जावे. पोराला फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणून खोटे सांगू नका; त्याच्या कमांडिंग ऑफिसरला वेळेत कळले तर तो काहीतरी करू शकतो.