आल्याचा सोडा आणि फुटलेली बाटली

आज भाताचं नाही, आल्याचं सांगतो. माझी चूक आहे, पण तुमच्या कामाला येईल.

मे महिन्यात पुतणीची हळद होती. म्हटलं, विकतची थंड पेयं नकोत, घरचं आलं आहे, त्याचाच सोडा करू. किसलेलं आलं, साखर, पाणी बरणीत घालून वर फडका बांधला. रोज चमचाभर आलं-साखर घालत गेलो. पाचव्या दिवशी फेस धरला. ते विरजण आल्याच्या गोड पाण्यात मिसळलं आणि काचेच्या १२ बाटल्या भरून ओसरीवर रांगेत ठेवल्या.

चौथ्या दिवशी दुपारी एक बाटली फुटली. काचा पार पायरीपर्यंत. नातू रोज तिथंच गाड्या खेळतो. त्या घटकेला सूनबाई त्याला जेवायला आत घेऊन गेली होती, एवढंच नशीब. ही मला काही बोलली नाही, नुसता झाडू हातात दिला.

उरलेल्या बाटल्यांवर ओली गोणपाटं टाकली, त्यावर बर्फ. पूर्ण गार झाल्यावर जाड टॉवेल गुंडाळून, तोंड लांब धरून हळूहळू उघडल्या. गार पाण्यात गॅस विरघळून राहतो, गरम बाटली उघडली की उसळतो. आणि गंमत बघा, चार बाटल्यांत गॅसच नाही!

मग कारणं शोधली. विरजण पातेल्याच्या तळाला बसतं. मी न ढवळता भरलं, त्यामुळे आधीच्या बाटल्यांना नुसतं पाणी आणि शेवटच्यांना सगळा गाळ. दोन बुचांचं रबर झिजलेलं, तिथून गॅस निघून गेला.

खरी चूक साखरेची. लिटरमागे ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण १ लिटर गॅस होतो. बिअर करणारे आधीची साखर आंबू देतात आणि बाटलीत भरताना लिटरमागे ६-७ ग्रॅमच घालतात. (घरी बिअर करायची नाही हां, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे.) मी लिटरला ८० ग्रॅम साखर घालून बूच लावलं होतं. म्हणजे २० लिटर गॅसचा माल कोंडला, वर पनवेलचा उकाडा!

आता असं करतो. भरताना ढवळत राहतो. वर दोन बोटं जागा सोडतो. काच बंद, सोड्याच्या प्लास्टिक बाटल्याच वापरतो. रोज दाबून बघायचं. बाटली दगडासारखी कडक लागली की सगळ्या फ्रिजमध्ये आणि आठवड्यात संपवायच्या. जास्त ठेवलं तर दारूचा अंशही वाढतो. गॅस धरला नाही तर बूच बदलायचं, चमचाभर ताजं विरजण घालायचं, एक-दोन दिवस उबेला ठेवायचं. विरजणात गरम पाणी ओतायचं नाही, मरतं. नळाचं पाणी उकळून, गार करून घ्यायचं, म्हणजे क्लोरीन जातं.

जीवामृताच्या ड्रमचं झाकण आपण कधी घट्ट लावत नाही. शेतात जे कळतं ते घरात विसरलो. ओसरीवर आता बाटल्या ठेवत नाही.