कोरडी गळती

गळती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ओल उभी राहते. पावसाळ्यात छपराखाली मांडलेली पातेली, मोरीतल्या नळाची रात्रभर चाललेली टिपटिप, भिंतीवर उमटलेला एखाद्या अनोळखी देशाचा नकाशा. आपल्या भाषेनेही गळण्याला एकच दिशा दिली आहे. गळते ते आपल्या जागेवरून सुटून बाहेर जाते. पाने गळतात, केस गळतात, घागर गळते. बाहेरचे काही गुपचूप आत शिरत असेल तर त्याला गळणे कोणी म्हणत नाही. त्यामुळे कोरडी राहणारी गळती ही गोष्ट मराठी शिकवणाऱ्या माणसाला पटायला जरा जडच जाते. मला ती लहानपणीच ठाऊक झाली. मात्र याचे श्रेय व्याकरणाला नाही. ते वाळवे तालुक्यातल्या आमच्या विहिरीवरच्या पंपाला आहे.

त्या पंपाला एक खोड होती. मोटर घुमत राही, पण पाटात पडणारे पाणी मध्येच खोकू लागे, फेसाळे आणि थांबे. “पंपानं हवा धरली,” आमचा गडी म्हणे. मग आप्पा विहिरीत उतरत. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या एकेका जोडावर ओला चिखल थापत आणि मान वर करून माझ्याकडे पाहत. मी पाटाशी उभा राहून पाणी कसे पडते ते ओरडून सांगायचे, आणि ताईने चिखल कालवून घमेल्यातून खाली सोडायचा, अशी कामाची वाटणी होती. ज्या जोडावर चिखल बसताच पाण्याची धार अखंड होई, तो जोड चोर! गंमत अशी की तो जोड हाताला ठणठणीत कोरडा लागे.

“पाणी गळत नाही, तर मग भोक कसलं?” मी एकदा विचारले.

आप्पा सातवी शिकलेले. ते म्हणाले, “पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं म्हणजे तो पाइपातली हवा काढून घेतो, आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला दाबून वर ढकलते. तिला मध्येच दार मिळालं, तर ती कशाला पाण्याला ढकलत बसेल? स्वतःच आत येईल की!”

पुढे वाचनात आले की, इटलीतल्या तोरिचेल्लीने १६४४ साली एका पत्रात हेच मांडले होते. आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. या समुद्राचे वजन पाण्याला फार तर दहा मीटर उचलू शकते, म्हणून तर आमचा पंप विहिरीच्या काठावर न बसवता खाली ओट्यावर बसवलेला होता. आप्पांना तोरिचेल्ली ठाऊक नव्हता. त्यांचे काही अडले नाही.

हे सारे मला परत आठवले ते २०२४ च्या उन्हाळी सुटीत, सातासमुद्रापलीकडे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराला लागून चँडलर नावाचे गाव आहे. तिथे ताई राहते. त्या भागात घरामागे पोहण्याचा तलाव असणे ही काही मोठ्या श्रीमंतीची खूण नाही. आपल्याकडे परसात आड असावा, तसा तिथे बऱ्याच घरांमागे तलाव असतो. दाजींनी हे घर घेतले ते तलाव पाहूनच. कऱ्हाडला कृष्णेत, पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस! वाळवंटात पंचवीस वर्षे नोकरी केली, पण सकाळचे पोहणे सोडले नाही.

दाजी २०२३ च्या जुलैत गेले. त्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांपलीकडे जात होता. त्यानंतर पंपाने हवा धरली ती धरलीच. तलावात सुमारे ५५ हजार लिटर पाणी. पंप ते गाळणीतून फिरवून परत सोडतो. पाणी फिरले नाही की क्लोरीन उन्हात उडून जातो आणि चार दिवसांत हिरवे शेवाळ धरते. मी गेलो तेव्हा पाण्याला डबक्याचा रंग आला होता. पंपावर पारदर्शक झाकण असते. त्याखाली पाणी काचेसारखे स्थिर दिसायला हवे. इथे उकळत्या आधणासारखे बुडबुडे! तलावात पाणी परत सोडणाऱ्या तोंडांतूनही फसफस बुडबुडे निघत होते.

एक मिस्त्री येऊन गेला होता. जमिनीखालचा पाइप फुटला आहे, काठाचे काँक्रीट फोडावे लागेल, सहा हजार डॉलर, असे त्याने लिहून दिले होते. सिएटलला नोकरी करणारा भाचा फोनवर म्हणाला, “आई, तलाव बुजवून टाकू. नाहीतर घरच विक आणि माझ्याकडे ये.” त्याचे म्हणणे वावगे नव्हते. एकट्या बाईने एवढा पसारा कशासाठी सांभाळायचा? ताई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रात्री जेवताना तिने एकदम विचारले, “आप्पा विहिरीत उतरून आधी कुठला जोड बघायचे रे?”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कामाला लागलो. पहाटे अशासाठी की, आठनंतर तिथे उघड्यावर उभे राहवत नाही. तलावातून पंपाकडे दोन वाटांनी पाणी येते: एक तळातल्या जाळीतून, दुसरी काठाजवळच्या भिंतीतल्या खाचेतून. पंपापाशी या दोन्ही वाटा एका व्हॉल्व्हमध्ये मिळतात. व्हॉल्व्ह फिरवून आम्ही आधी एक वाट बंद केली, मग दुसरी. बुडबुडे दोन्ही वेळा सारखेच. आता दोन्ही पाइप जमिनीखाली एकाच वेळी, एकसारखे फुटायचे म्हणजे नाटकाच्या तिसऱ्या अंकातला योगायोग झाला. चोर दोन्ही वाटा एकत्र येतात त्याच्या पुढे, म्हणजे आमच्या डोळ्यांसमोरच्या हातभर जागेत होता. त्या मिस्त्रीला मी लबाड म्हणणार नाही. जे दिसत नाही तिथेच दोष असणार, हा तर्क विद्वानांच्या सभेतही सर्रास चालतो.

पहिला संशय झाकणाखालच्या रबरी कड्यावर. ते काढून पुसले, त्यावर सिलिकॉनचे ग्रीस लावले. त्यासाठी व्हॅसलिन वापरू नये. काही जातींचे रबर त्याने फुगते. बुडबुडे थोडे कमी झाले, पण गेले नाहीत. पंपाच्या बुडाशी पाणी काढून टाकण्याची बुचे असतात; तीही आवळली. तिसऱ्या पहाटे शेजाऱ्याने कुंपणावरून सांगितले की, जोडांना दाढीचा फेस फासून पाहा. जिथे हवा आत जाते तिथे फेसाला खळगा पडतो. ताई न्हाणीघरापर्यंत गेली. तिथल्या कपाटात दाजींचा फेसाचा डबा अजून होता. ती क्षणभर उभी राहिली आणि देवघरातून उदबत्ती घेऊन आली.

वारा अगदी पडला होता. ताई उदबत्ती एकेका जोडाजवळ धरीत होती आणि धूर सरळ वर जात होता. पांढरा प्लास्टिकचा पाइप जिथे आटे घेऊन पंपाच्या तोंडात शिरतो, तिथे मात्र धुराची रेघ वाकली, बारीक झाली आणि आत नाहीशी झाली. मी त्या जागेवर तांब्याने पाणी ओतले. ओतत होतो तोवर झाकणाखालचे पाणी नितळ राहिले. थांबलो, की बुडबुडे पुन्हा हजर. जोडाला हात लावून पाहिला. कोरडा!

तिथलेच आटे का बिघडले, हे दाजींच्या वहीने सांगितले. पाणी वरच्या फरशीपासून किती उतरले आणि गाळणीवरचा काटा कुठे आहे, हे ते रोज मांडून ठेवीत. शेवटची नोंद ८ जुलै २०२३ ची. तशा उन्हात तलावातले पाणी दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज उडते. पंधरवड्यात चार बोटे! भिंतीतली खाच उघडी पडली असणार आणि पाण्याबरोबर हवा आत जाऊ लागली असणार. पंप तर घड्याळावर चालणारा. तो रोज ठरल्या वेळी सुरू होऊन रिकामाच फिरत राहिला. त्याच्या पोटातले उरलेसुरले पाणी तापले, त्या आचेने प्लास्टिकचे आटे मऊ होऊन आक्रसले, आणि पुढे पाणी भरले तरी फट राहिली. त्या तेरा दिवसांत तलावाचे पाणी किती उतरले, हे घरात कोण बघणार होते?

“म्हणजे तेव्हापासूनच,” ताई म्हणाली. वही मिटून ती चहा टाकायला आत गेली.

दुरुस्तीत फारसे सांगण्यासारखे नाही. करवतीने पाइप कापला, आक्रसलेला तुकडा फेकला, नव्या जोडाच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्याच दिशेने गुंडाळली. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होते. पुढे युनियन बसवला, म्हणजे परत कधी खोलायचे झाले तर कापाकापी नको. रात्रभर सिमेंट वाळू दिले. सारा खर्च शंभर डॉलरच्या आत. सकाळी ताईने स्वतः पंपात पाणी भरले, झाकण लावले आणि बटण दाबले. थोडी खळबळ झाली, आत राहिलेली हवा निघून गेली आणि झाकणाखाली पाणी आहे की नाही, हे कळेनासे झाले.

पाण्याचा हिरवा रंग जायला आणखी आठवडा लागला. मी तिथे असेपर्यंत ताई पाण्यात उतरली नाही; काठावर पाय सोडून बसे. वही मात्र तिने पुढे चालू केली. दाजींच्या शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी कोऱ्या सोडून तिने तारीख घातली आणि काटा १४ वर असल्याचे लिहिले.

आता ती दर रविवारी फोन करते तेव्हा ख्यालीखुशालीआधी काट्याचा आकडा सांगते. गेल्या रविवारी तिने २३ सांगितला. मी म्हटले, “ताई, गाळणी धुवायला झाली.”

“धुतली सकाळीच,” ती म्हणाली, “तो धुण्याआधीचा सांगितला.”