पडद्यावरचा धबधबा आणि तुमचं बीपी

अंधारी खोली, मोठ्या पडद्यावर धबधबा, ढग किंवा समुद्रकिनारा आणि मागे संथ लाउंज संगीत. होम थिएटरची हौस असलेले माझे काही पेशंट रोज संध्याकाळी असं तासभर बसतात आणि विचारतात, "डॉक्टर, याने बीपी कमी होतं ना?"

होतं. पण थोडं, आणि थोड्या वेळापुरतं.

१९८४ साली रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांची तुलना केली. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. (ती झाडं खरी होती, पडद्यावरची नव्हेत, हे लक्षात असू द्या.) संगीताबद्दल इटलीतल्या बर्नार्डी यांचा २००६ चा अभ्यास मला फार आवडतो. संगीताचा वेग वाढला तसे श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढले. पण मध्येच २ मिनिटं संगीत बंद केलं, तेव्हा हे तिन्ही सुरुवातीपेक्षाही खाली आले! म्हणून सलग तासभर वाजवू नका, मध्ये थोडी शांतता ठेवा.

आता महत्त्वाचं. माझे एक पेशंट, वय ६२, रोज हा कार्यक्रम संपला की लगेच घरच्या मशीनवर बीपी मोजायचे. १२६/८० यायचं. "आता गोळी कशाला?" म्हणून त्यांनी ती परस्पर बंद केली. तीन आठवड्यांनी सर्दीसाठी आले तेव्हा बीपी होतं १७८/१०४. त्रास मात्र काहीच नव्हता, आणि बीपीत धोका असतो तो इथेच. तासभर निवांत बसल्यावरचा आकडा त्या तासाचा असतो, उरलेल्या २३ तासांचा नाही. बीपी मोजायचं तर सकाळी, गोळी आणि चहा घेण्याआधी, ५ मिनिटं शांत बसून मोजा. गोळी कमी करायची की नाही, ते त्या आकड्यांची वही बघून आपण दोघं मिळून ठरवू.

आणि आवाज! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. सबवूफरचा हादरा छातीत जाणवत असेल, तर लाउंज संगीत असलं तरी ते विश्रांतीचं राहत नाही. शेजारी बसलेल्या वहिनींशी आवाज न चढवता बोलता येईल, एवढाच ठेवा.