मुरलेले पाणी

आमच्या चिपळूणच्या घराच्या परसदारी एक हौद आहे. अण्णांनी तो १९८६ साली जांभ्याच्या चिऱ्यांत बांधून घेतला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. मूळ हेतू झाडांसाठी पाणी साठवण्याचा. गप्पी मासे मागाहून आले, तेही डासांच्या अळ्या खातात म्हणून. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. त्यामुळे मूठभर माशांचे पाहता पाहता गोकुळ झाले. आई गेल्यापासून अण्णांची संध्याकाळ त्या हौदाच्या पायरीवर जाते.

गेल्या उन्हाळ्यात मी हौद वाढवायला काढला. दहा फूट बाय सहा, खोली तीन फूट. जुन्यात जेमतेम १,३६० लिटर पाणी मावे, नव्यात ५,००० लिटरांहून अधिक मावणार होते. पाणी जितके जास्त आणि खोल, तितके ते सावकाश तापते, आणि थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, हे मी वाचले होते. अण्णांना आनंद व्हावा असे मनात होते. त्यांना विचारावे असे मात्र सुचले नाही.

गवंड्याने दोन भिंती पाडल्या, दोन ठेवल्या. ठेवलेल्या भिंतींवरचा बुळबुळीत शेवाळी थर मी स्वतः तारेच्या घासणीने खरवडून काढला. वर नवा गिलावा झाला. मासे तोवर पिंपात होते.

हौद भरताना अण्णा म्हणाले, "अरे, पाणी जरा मुरू दे."

"थेंबभर मुरणार नाही अण्णा, वॉटरप्रूफिंग केलंय," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून मी दोन दिवस थांबलो आणि मासे सोडले. चौथ्या दिवशी ते पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. आठवडा संपेपर्यंत मी जाळीने मेलेले मासे काढत होतो.

कारण मागाहून समजले. माशांच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. भिंतींवर, दगडगोट्यांवर वस्ती करून असलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती नव्याने वसायला महिना-दीड महिना लागतो. मी घाण म्हणून खरवडली ती हीच वस्ती. शिवाय नव्या सिमेंटमधला चुना उतरून पाणी अल्कधर्मी झालेले. अशा पाण्यात अमोनिया अधिकच विषारी ठरतो.

वीस वर्षे मी वर्गात शब्दांच्या छटा समजावून सांगतो आहे. 'मुरणे' म्हणजे झिरपणे, आणि 'मुरणे' म्हणजे लोणच्यासारखे काळाने पक्व होणे. घरातल्या माणसाच्या तोंडचा तोच शब्द मला कळला नव्हता.

त्या संध्याकाळी अण्णांनी मला न्हाणीघरामागे नेले. तिथल्या रांजणात जुने पाणी होते, तळाशी हौदातले दगड, थोडे पाणशेवाळ आणि त्यांतून फिरणारे दहा-बारा गप्पी. हौद उपसायच्या आदल्या दिवशीच त्यांनी ते काढून ठेवले होते.

"मला सांगायचं होतं ना," मी म्हणालो.

"तू घाईत होतास."

आम्ही हौदात केळीच्या सोपटाचे तुकडे टाकून पाणी भरले, काही दिवसांनी उपसले. असे तीनदा केले. मग रांजणातले दगड आणि शेवाळ आत सोडले. दीड महिन्यानंतर मासे, तेही एका वेळी तीन-चारच. आता नव्या गिलाव्यावरही हिरवट थर धरला आहे. घासणी मी टाकून दिली.

नव्या बाजूला मी एक बाकही बांधून घेतला होता. अण्णा अजून त्यावर बसलेले नाहीत. ते जुन्याच पायरीवर बसतात, आणि संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर मीही तिथेच जाऊन बसतो.