आधी सांगते, मग विचारते

मी मूळची अमरावतीची. डॉक्टरकी मात्र अकोल्यात, लहान मुलांच्या कॅज्युअल्टीत. ताप, झटके, जुलाब, विंचू, कीटकनाशक हे आमचं रोजचं. सगळ्यांत अवघड पेशंट तेरा ते सतरा वयातले. अनेक दवाखान्यांत बारा वर्षांपुढचं मूल मोठ्यांच्या वॉर्डात धाडतात. तिथं ते फार लहान ठरतं, आमच्याकडे फार मोठं. त्यात दुखणं कमरेखालचं असलं की बोलते ती आई. पोर भिंतीकडे बघत राहतं.

मे महिन्यातल्या एका रात्री सोळा वर्षांची एक मुलगी आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तालुक्याहून आणलेल्या चिठ्ठीवर अपेंडिक्सची शंका लिहिलेली. आई सांगत होती, "उन्हाळी लागली असन म्हनून म्या धन्या-जिऱ्याचं पानी देल्लं, सब्जा देल्ला. पोट दुखनं काई थांबून नाई रायलं, म्याडम." अकोल्याच्या उन्हाळ्यात लघवीची जळजळ कुणालाही होते, त्यामुळे आईचं काही चुकलं नव्हतं. पण अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकतं. हिचं ओटीपोट दोन्हीकडून दुखत होतं, अंगात सणकून ताप होता आणि अंगावरून जात होतं.

मी आईला म्हटलं, "मावशी, या वयाच्या प्रत्येक लेकराशी मी थोडं एकटीनं बोलते. सिस्टर इथंच आहेत. तुम्ही बाहेर बसा." हे मी सरसकट सगळ्यांना सांगते, म्हणून कुणाच्या पोरीवर संशय घेतल्यासारखं होत नाही.

पडदा ओढला आणि विचारण्याआधी तिला सांगितलं, "बाई, तू जे बोलशील ते गावात, शाळेत जाणार नाही. पण तू अठराच्या आतली आहेस. शरीरसंबंधाची गोष्ट असली तर कायद्यानं मला ती कळवावी लागते. काहीही असो, औषध आधी सुरू होईल."

ती बराच वेळ सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माह्या मायले तुमी सांगसान, का मी सांगू?"

आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. आई रडली, चिडली, पण उशापासून हलली नाही. गरोदरपणाची तपासणी आधीच केली होती, कारण गर्भनलिकेत गर्भ राहिला असेल तर तासाभराचा उशीरही जिवावर बेतू शकतो. ती निगेटिव्ह आली. संसर्ग गर्भाशयातून नलिकांपर्यंत चढला होता. हा आजार अंगावर काढला तर नलिका आतून चिकटतात आणि पुढं मूल राहणं कठीण होतं. शिरेतून प्रतिजैविकं सुरू झाली, समुपदेशन करून एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या झाल्या. संबंध ज्याच्याशी आला त्याच्यावरही उपचार व्हायला हवेत, हेही समजावलं. नाहीतर संसर्ग पुन्हा परततो.

२०१२चा पोक्सो कायदा अठराखालच्या मुलाची संमती मानत नाही, आणि माहिती असून न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून काही डॉक्टर विचारतच नाहीत, तर काही "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊन बसतात. मला दोन्ही पटत नाही. न विचारता आजार सापडत नाही, आणि खोटं वचन मोडलं की ते पोर पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. सोळा-सतराच्या वयातल्या प्रेमालाही हाच कायदा लागतो, त्यामुळे मुलं दुखणं लपवतात, हेही मी रोज बघते. पण लहानग्याच्या अंगावर असा संसर्ग दिसला तर अत्याचाराची शंका घ्यावीच लागते, आणि तिथं हाच कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो.

याच कायद्याची दुसरी बाजू लोकांना ठाऊक नसते. २०२०च्या नियमांप्रमाणे तातडीच्या उपचाराआधी डॉक्टर पोलिसांचा कागद मागू शकत नाही. मुलीची न्यायवैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनंच करायची असते. अल्पवयीन मुलीच्या गर्भपातात, तिनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव कळवण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं. अत्याचारानंतर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. हे तास भीतीत निघून जातात.

मुलांचं दुःख वेगळं. वृषणाला पीळ पडला तर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया व्हायला हवी. लाजेपायी रात्रभर उशीत तोंड खुपसून कळा सोसलेला मुलगा सकाळी येतो, तेव्हा वृषण वाचेल की नाही हे सांगता येत नाही. कुणाशीही संबंध आलेला नसतो, चूक तर नसतेच. असते ती फक्त लाज.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला आणि महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांतून 'मैत्री' क्लिनिकं चालतात. ती बाह्यरुग्ण वेळेत उघडी असतात. रात्रीची पोरं आमच्याकडे येतात, म्हणून हा संवाद कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक डॉक्टरला, सिस्टरला शिकवलाच पाहिजे.

आईबाबांना एवढंच सांगणं आहे. लेकराला पोट दुखतं म्हणून आणलंत आणि डॉक्टरांनी थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं, तर थांबा. आत बोलावल्यावर पहिला प्रश्न "कोण होता तो?" असा नको. आधी "आता कसं वाटतंय?" असं विचारा. बाकीचं लेकरूच सांगेल.