नोंदवही आणि प्रबंध

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे रसायनशास्त्राशी माझा पहिला परिचय संयुग, अवक्षेप, उत्प्रेरक अशा शब्दांतून झाला. अकरावीत माध्यम इंग्रजी झाले आणि हे शब्द मागे पडले. पुढे बी.एस्सी., एम.एस्सी. आणि सेंद्रिय रसायनातील संशोधन असा नेहमीचाच मार्ग. साहित्याच्या अभ्यासकांपुढे त्याविषयी लिहिण्याचे कारण इतकेच की, भाषेच्या वर्गात न मिळालेले लेखनाचे काही धडे मला प्रयोगशाळेत मिळाले.

संशोधन सुरू करताच हाती पडते ती पृष्ठांक घातलेली बांधीव नोंदवही. तिचे नियम कडक असतात. शाईनेच लिहायचे, पान फाडायचे नाही, खोडायचे झाल्यास एकच रेघ मारायची आणि खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. प्रत्येक नोंदीला तारीख हवी. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यास हे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की, येथे लिहिणाराच आपले सारे पाठ पुढच्या चिकित्सकासाठी राखून ठेवतो.

माझ्या कामातील एक पायरी ग्रिन्यार अभिक्रियेची होती. व्हिक्टर ग्रिन्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या या कामासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मॅग्नेशियमचे तुकडे, कोरडा ईथर, आयोडीनचा एखादा स्फटिक. काही वेळाने तपकिरी रंग मावळतो, द्रव गढूळ होतो आणि ईथर आपणहून उकळू लागतो. पाण्याशी मात्र या अभिकारकाचे हाडवैर! हवेतील बाष्पही त्याचा नाश करते. आणि आपल्याकडे तर जुलै महिना असतो. काचेची भांडी भट्टीत तापवून, नायट्रोजनच्या प्रवाहात थंड करूनही जानेवारीत ७८ टक्के मिळालेले उत्पादन जुलैत ४१ वर आले, सप्टेंबरात ६३ वर.

प्रबंध लिहिताना यांतला कोणता आकडा द्यावा, हा प्रश्न आला. एका सहकाऱ्याचा सल्ला व्यवहारी होता : सर्वांत चांगला द्यावा, तोही खोटा नाही. खरेच, तो खोटा नव्हता. पण वाचणारा ७८ हे त्या अभिक्रियेचे हमखास फळ समजणार, आणि दमट हवेच्या गावातील कुणी विद्यार्थी महिनाभर आपल्याच हातांना दोष देत बसणार. मी तिन्ही आकडे महिन्यांसह लिहिले. मार्गदर्शकांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि राहू दिला. तोंडी परीक्षेत सर्वाधिक प्रश्न त्यावरच आले.

कर्मणी प्रयोग मी मराठीच्या तासाला शिकलो होतो. त्याचे सामर्थ्य प्रबंधाच्या इंग्रजीत कळले. द्रावण ढवळले गेले, मिश्रण गाळले गेले. कर्ता कुठेच नाही. त्यामागे तत्त्व आहे : प्रयोग कोणीही केला तरी निष्कर्ष तोच यावा. परंतु कर्त्याबरोबर स्थळ आणि ऋतूही नकळत वगळले जातात, आणि त्यांचा तर निष्कर्षावर अंमल असतो. संहितेतून लेखक वजा करण्याची चर्चा साहित्याच्या वर्गांत होते. विज्ञानात ती वजाबाकी रोज, रीतसर होत असते. तिच्यासोबत आणखी काय वजा झाले, हे तपासायला हवे.

नोंदवही प्रयोगशाळेच्या मालकीची. ती तिथेच राहिली. घरी आणता आला तो प्रबंध. त्यात जुलै महिना आहे, याचे समाधान मला पदवीइतकेच वाटते.