निकाल आला, तिकीट मिळालं नाही

२०२२ च्या फेब्रुवारीत मी दोन सरकारी नियमांच्या कात्रीत सापडले होते. कोविशील्डचा पहिला डोस झाला होता, दुसरा डिसेंबरअखेरीस घ्यायचा होता आणि नेमका तेव्हाच मला कोविड झाला. आजार बेताचाच होता. पण बरं झाल्यावर तीन महिने लस घ्यायची नाही, असा केंद्राचा नियम. दुसरा डोस होऊन चौदा दिवस उलटल्याशिवाय लोकलचं तिकीट नाही, हा राज्याचा नियम. दोन्ही पाळायचे तर एप्रिलच्या मध्यापर्यंत तरी लोकलमध्ये पाय ठेवायचा नाही.

मी राहते कल्याणच्या पलीकडे आणि मशीद बंदरच्या एका पेढीत हिशेब लिहिते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली तेव्हापासून आमच्या आयुष्याचं वेळापत्रक सरकारी आदेशच ठरवत होते. आधी फक्त अत्यावश्यक सेवेतले लोक, मग ऑक्टोबरात गर्दीच्या वेळा सोडून बायका, फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळेत सगळेच आणि एप्रिलमध्ये दार पुन्हा बंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांना मुभा मिळाली. युनिव्हर्सल पास, म्हणजे दोन डोस झाल्याचा सरकारी दाखला, दाखवा आणि मासिक पास घ्या, अशी पद्धत रुळली.

माझ्याकडे युनिव्हर्सल पास नव्हता, म्हणून रस्त्याने जायचं. एसटीचा संप चालू होता. शेअर रिक्षा, मग शीळफाट्याच्या वाहतूक कोंडीतून वाशीकडे आणि तिथून पुढची बस. कागदावर दोन डोसांची अट तिथेही होती, पण चौथ्या सीटवर ड्रायव्हरच्या कुशीत अंग चोरून बसलेल्याला प्रमाणपत्र कोण विचारणार? विचारणा व्हायची ती फक्त रेल्वेच्या खिडकीवर. लसीला माझा विरोध नव्हता, आजही नाही. माझा प्रश्न एवढाच होता, की ज्याला नियमानेच थांबवलंय, त्याने कामावर जायचं कसं?

मुंबई उच्च न्यायालयात या निर्बंधांविरुद्ध जनहित याचिका होत्या. १५ जुलै, १० आणि ११ ऑगस्ट २०२१ च्या आदेशांना त्यांत आव्हान होतं. सोमवारी, २१ फेब्रुवारीला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने सरकारला धारेवर धरलं. आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांनुसार असा निर्णय राज्य कार्यकारी समितीने घ्यायचा असतो. मुख्य सचिवांना एकट्याने तो घ्यायचा तर तशी तातडीची परिस्थिती असावी लागते आणि ती नोंदवावी लागते. इथे ती प्रक्रिया पाळलेली दिसत नाही, आदेश कायद्याला धरून नाहीत, ते मागे घ्या, असं न्यायालयाने सुनावलं. दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांनी सांगितलं, की जुने आदेश मागे घेऊ आणि समिती २५ तारखेपर्यंत नवा निर्णय घेईल.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर आनंदीआनंद झाला होता. ‘लोकल सर्वांसाठी खुली!’ कुणी टीव्हीवरच्या पट्टीचा फोटो टाकला, कुणी पेढ्यांची चित्रं. सकाळी मी डबा भरला आणि तिकीट खिडकीसमोर रांगेत उभी राहिले. क्लार्कने पास मागितला. मी म्हटलं, ‘कोर्टाने आदेश बेकायदा ठरवलेत.’ तो शांतपणे म्हणाला, ‘ताई, मीही वाचलंय. पण ते पेपरात आलंय, खिडकीवर आलेलं नाही. सर्क्युलर आलं की पहिलं तिकीट तुम्हालाच.’ मागून लोक ओरडायला लागले. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

संध्याकाळी शेजारच्या वकीलसाहेबांना विचारलं. ते निवृत्तीला आलेले, दिवाणी दावे चालवणारे.

‘आदेश बेकायदा आहेत असं न्यायालय म्हणालं ना?’

‘म्हणालं.’

‘मग ते रद्द झाले ना?’

‘नाही. सुनावणीत न्यायमूर्ती बोलतात ते एक आणि शेवटी आदेशात काय करा म्हणून लिहितात ते दुसरं. इथे न्यायालयाने आदेश स्वतः रद्द केले नाहीत. सरकारने मागे घेऊन नीट विचार करावा, अशी संधी दिली.’

‘मग उद्या मी गाडीत बसले तर?’

ते हसले. ‘टीसीने धरलं तर दंड भरा आणि पावती जपून ठेवा. पुढे भांडता येईल.’

दंडाच्या पावतीवर हक्क सिद्ध करायचा, ही कल्पना मला काही झेपली नाही. मी पुन्हा शीळफाट्याची वाट धरली.

१ मार्चला, महाशिवरात्रीच्या दिवशी, नवा आदेश निघाला. जुने गेले, पण सार्वजनिक वाहतुकीसाठी पूर्ण लसीकरणाची अट नव्या कागदावर पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने नाराजी बोलून दाखवली. सरकार समंजस निर्णय घेईल ही अपेक्षा फोल ठरली, असा सूर होता. पण ज्यांना आव्हान होतं ते आदेश आता उरलेच नव्हते. याचिका निकाली निघाल्या. नव्या आदेशाविरुद्ध याचिकाकर्त्यांनी हवं तर नव्याने दाद मागावी. म्हणजे न्यायालयात सरकारची बाजू लंगडी पडली, तरी खिडकीवर नियम तोच राहिला.

निर्बंध उठले ते मार्चअखेरीस, गुढीपाडव्याच्या तोंडावर, रुग्णसंख्या घटल्यामुळे आणि सरकारच्या निर्णयाने. त्यानंतर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल प्रकरणात म्हटलं, की कुणावर लसीची सक्ती करता येणार नाही. लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणाबाहेरचे आहेत आणि रुग्णसंख्या कमी आहे तोवर ते मागे घ्यावेत. मी तोवर लोकलमध्ये, नेहमीच्या डब्यात, नेहमीसारखी उभी होते.

न्यायालयाने सरकारला संधी दिली ते चूक, असं मी म्हणणार नाही. साथीच्या काळात प्रशासनाच्या कामात थेट हात घालायला न्यायालय कचरतं, ते समजू शकतं. पण त्या संधीच्या काळात जुना नियम चालू की बंद, हे कुणीच सांगितलं नाही. न्यायालयाने ते सरकारवर सोडलं, सरकारने समितीवर, समितीने नव्या आदेशावर. मधले आठ दिवस कोणता कायदा लागू होता, याचं उत्तर खिडकीतल्या क्लार्कला शोधावं लागलं आणि कुठलाही शहाणा क्लार्क करतो तेच त्याने केलं, जुनं चालू ठेवलं. संदिग्धतेचा फायदा नेहमी बंद दारालाच मिळतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लोकांच्या येण्याजाण्यावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक न्यायालयीन आदेशाच्या शेवटी चार वाक्यं मराठीत असावीत. कोणाला मुभा, कोणत्या वाहनात, केव्हापासून आणि पुढचा निर्णय होईपर्यंत काय. सरकारने ती त्याच दिवशी प्रत्येक स्टेशनवर आणि आगारात लावावीत. आणि वाचकहो, असा निकाल पुन्हा कधी आला, तर मथळ्यावर विसंबून डबा भरू नका. आदेशाचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा, नाहीतर कुणाकडून वाचून घ्या.